माझ्या मापाची गाडी

शेठ सीटवर बसले आणि त्यांचे गुडघे वर आले. त्यांनी पाय लांब करून पाहिले, आखडून पाहिले, शेवटी तिरपे ठेवले. त्यांच्यासोबत आलेला ड्रायव्हर मागच्या सीटवर बसला होता. डोक्यासाठी केलेली उशी त्याच्या खांद्याला टेकत होती.

"सलीमभाऊ, हे काय बनवून ठेवलं? शाळेच्या पोट्ट्यांची गाडी हाय का हे?"

सलीमभाऊ म्हणजे माझे मिस्टर. ते हसले. "शेठ, पहिले आराम पहा ना. फोम दाबून पहा. अशी गादी तुमच्या घरच्या सोफ्याले नसन."

"आराम पाहू का गुडघे पाहू?" शेठ म्हणाले आणि ड्रायव्हर मोठ्यानं हसला.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर होते. दुकान आणि खोलीच्या मधे पडदा आहे. त्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. माझा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच थांबला.

आमचं दुकान सावली गावात, गडचिरोली रोडवर आहे. सीट कव्हर, कुशन, हूड अशी कामं करतो. गिऱ्हाईक समजतात की सगळं सलीमभाऊच करतात. ते मोजमाप करतात, फोम कापतात, फ्रेमचं वेल्डिंग करून घेतात आणि शेवटी फिटिंग करतात. शिलाई माझी. लग्न होऊन आले तेव्हापासून माझीच. लोकांसमोर यायला मला जमत नाही. कोणी काही विचारलं की मी यांच्याकडं बोट दाखवते. म्हणून हा पडदा मला आवडतो.

ती गाडी यांनी लिलावातून आणली होती. कोणत्या तरी ऑफिसची जुनी बारा सीटची व्हॅन. इंजिनचं काम त्यांच्या मेकॅनिक दोस्तानं केलं. पत्रा ठोकून, रंग मारून ती आमच्या दारात आली तेव्हा आतून पूर्ण मोकळी होती. नुसता पत्रा. आवाज दिला तर घुमायचा. ताडोब्याकडं पर्यटकांच्या गाड्या चालवणाऱ्या कोणाला तरी विकायची, असा यांचा विचार होता.

मला म्हणाले, "आतमधी तुले पायजे तसं कर. गिऱ्हाईक नंतर पाहू."

असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. नेहमी गिऱ्हाईक रंग सांगतो, डिझाइन सांगतो, मोबाइलमधे फोटो दाखवतो. मी त्याप्रमाणे शिवते. ट्रकवाल्याला लाल पाहिजे तर लाल.

आमच्या कामात एक नियम आहे. तो माझ्या सासऱ्यांनी शिकवला. ते म्हणायचे, उभा माणूस वेगळा आणि बसलेला माणूस वेगळा. म्हणून सीटचं माप बसणाऱ्याला बसवून घ्यायचं. तीन मापं महत्त्वाची. टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत, म्हणजे सीट जमिनीपासून किती उंच ते समजतं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत, म्हणजे बैठक किती खोल ते. आणि बैठकीपासून मानेपर्यंत, म्हणजे पाठ. ही तीन बरोबर आली तर साध्या गादीवरही माणूस लांब जातो. चुकली तर मखमल लावूनही उपयोग नाही.

वेल्डिंगवाल्यानं विचारलं, फ्रेमचे पाय किती ठेवायचे? गिऱ्हाईक तर नव्हतंच. मी रंगाचा रिकामा डबा उलटा घातला, भिंतीला पाठ लावून त्यावर बसले आणि यांना म्हटलं, घ्या माप. यांनी टेप लावला. मला वाटलं, माणूस म्हणजे माणूस. इकडंतिकडं थोडंफार होईल.

पण खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात ताडोबा नव्हता, पर्यटक नव्हते. सिरोंचा होतं.

सिरोंच्याला माझी मोठी बहीण, आपा राहते. आमची आई लवकर गेली. आपानंच मला वाढवलं, वेणी घातली, शाळेत सोडलं, चौथीनंतर शाळा सुटली तर मशीनवर बसवलं. धागा ओवायला तिनं शिकवलं. मग तिचं लग्न झालं आणि ती पार त्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर गेली. मी शेवटची गेले ते तिच्या मुलीच्या लग्नाला. त्या मुलीची मुलं आता शाळेत जातात. आपाचे गुडघे गेले आहेत, ती येऊ शकत नाही. मला बसमधे त्रास होतो. वाटेतलं आष्टी गेलं की उलट्या सुरू होतात आणि मशीनवर बसून बसून कंबर अशी झाली आहे की दिवसभराच्या त्या रस्त्यानं उतरताना दोघांनी धरावं लागतं. म्हणून आम्ही फोनवर बोलतो. आमच्या घरच्या हिंदीत. तिच्या बोलण्यात आता मधेमधे तेलगू येतं. प्रत्येक फोनच्या शेवटी ती एकच विचारते, "छोटी, कब आती?"

त्या मोकळ्या पत्र्यात बसून मी सिरोंच्याला कशी जाईन, तेच मी शिवत गेले. कमरेच्या जागी फोमचा एक जाड पट्टा घातला. पाय सुजतात म्हणून पुढच्या सीटखाली पाय ठेवायला गादीची पट्टी केली. उजेडानं डोकं धरतं म्हणून खिडक्यांना जाड पडदे, प्रेस बटणाचे. बुरखा अडकवायला हूक, माझा हात बसल्या बसल्या पोचेल एवढ्या उंचीवर. पाण्याच्या बाटलीला खिसा. पाठ मागं झुकेल अशी दांडी यांच्याकडून बसवून घेतली. छताला जाड अस्तर लावलं, वरून ऊन लागू नये म्हणून. रंग घेतला तो कच्च्या चिंचेसारखा. ड्रायव्हरच्या मागची खिडकीजवळची सीट मी सगळ्यात आधी केली. ती मनातल्या मनात माझी होती.

यांच्या लक्षात आलं असावं. एक दिवस म्हणाले, "काम झालं का ट्रायल सिरोंच्यापर्यंतच घेऊ. खराब रस्ता हाय, कुठी खडखड करते ते समजून जाईन."

मी लगेच आपाला फोन केला. ती विचारू लागली, आता काय खातेस, तिखट चालतं का, खाली झोपतेस का पलंगावर. "अंदर का कमरा खाली करवाती मैं," म्हणाली.

जुम्म्याची नमाज झाली की निघायचं ठरलं होतं. ताडोब्याकडं गाड्या चालवणारे ते शेठ आदल्या दिवशी, गुरुवारी आले.

तर शेठ गाडीतून उतरले आणि यांना म्हणाले, "गाडी चांगली हाय. इंजिन चांगलं हाय. हे आतलं सगळं काढा. सीट वर उचला, पाठी उंच करा. आणि पडदे कायले लावले? लोकं जंगल पाहाले येतेत का पडदे पाहाले?"

"होऊन जाईन शेठ."

"पुढच्या आठवड्यात पाहाले येतो. झालं असन तर घेऊन जातो."

ते गेले. हे आत आले आणि माठातलं पाणी प्यायले. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "काय करू? गिऱ्हाईक हाय."

लोकांना वाटेल सीट उंच करायची म्हणजे चार बोटं लोखंड जोडायचं. तसं नसतं. फ्रेमची उंची बदलली की पाठ बदलते, पाठ बदलली की कव्हर बसत नाही. म्हणजे सगळी शिलाई उसवायची. शिवलेलं उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

"आणि ट्रायल?" मी विचारलं.

"सीट काढल्यावर कायची ट्रायल?"

मग आधी जाऊन येऊ ना, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. त्यांनीच ओळखलं. "नाई," म्हणाले. "जबान देली आता. समज का शेठची गाडी झाली. दुसऱ्याच्या गाडीत आपण फिरणं बरोबर नाई."

हे असेच आहेत. एक रुपया हातात आला नसला तरी शब्द दिला म्हणजे दिला. मला त्यांचं हेच चांगलं वाटत आलं आहे. त्या दिवशी नाही वाटलं.

मी ब्लेड घेऊन गाडीत गेले. सगळ्यात मागची सीट आधी घेतली. एक एक टाका कापत गेले. एक सीट पूर्ण उसवायला मी जेवढा वेळ लावला, तेवढ्यात एरवी दोन उसवून झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई आल्या.

मंदाबाई नाटकवाल्या. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात. सायंकाळी लोक बैलगाडीनं, मोटरसायकलनं येतात आणि नाटक रात्रभर चालतं. सकाळी कलाकार तोंडाचा रंग पुसून गाडीत बसतात आणि पुढच्या गावाला निघतात. झोप काय ती गाडीतच. मंदाबाई आणि त्यांचे मिस्टर मिळून एक कंपनी चालवतात. मंदाबाई स्वतः नाटकात काम करतात, नाचतातही. दरवर्षी सीझनच्या आधी त्या स्टेजचे पडदे दुरुस्तीला घेऊन येतात. त्या सरळ पडदा उचलून आतच येतात, बाहेर थांबत नाहीत. गिऱ्हाइकांपैकी मी बोलते ती त्यांच्याशीच.

"भाभी, हा राजवाडा फाटला," त्यांनी रंगवलेला पडदा माझ्यासमोर टाकला. "राजा आतून दिसून राह्यला. बीडी पेते तेही दिसते."

मी म्हटलं, थोडा वेळ लागेल, बसा.

"कुठी बसू? तुझ्या इथी तर सुया हायेत चारीकडं. जाते त्या गाडीत बसते."

मी राजवाड्याला ठिगळ लावत होते. त्यांचा आवाज बराच वेळ आला नाही. मंदाबाईंचा आवाज नाही असं सहसा होत नाही. मी उठून गाडीत पाहिलं. त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होत्या. चपला खाली काढलेल्या, पाय पट्टीवर, पदर हुकाला अडकवलेला. खिडकीचा पडदा लावून घेतला होता. त्या गाढ झोपल्या होत्या.

मी तिथंच उभी राहिले. आधी मला वाईट वाटलं. त्या सीटवर मी अजून एकदाही डोळे मिटून बसले नव्हते.

त्या दचकून जाग्या झाल्या. "काय झालं? माझी एन्ट्री हाय का?" मग मला पाहून हसल्या. "अवो, मी झोपली होती का? मले गाडीत कधी झोप लागत नाई. पाय लटकते ना आमचे. सकाळी उतरतो तं एवढाले सुजते, रात्री घुंगरू बांधाले येत नाई." त्यांनी सीटवर हात फिरवला. कमरेच्या पट्ट्यावर थांबल्या. "हे बाईनं शिवलं."

मी पट्ट्याची शिवण बोटानं सरळ केली.

"पुरुषाले कंबर राह्यते, पण दुखेपर्यंत त्याले माहीत नसते. कोणाच्या मापाचं हाय हे?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्या उठल्या, मला बाहेर ओढलं आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आम्ही दोघी एका उंचीच्या निघालो. "विकता का?"

मी सगळं सांगितलं. शेठ, त्यांचे गुडघे, दिलेला शब्द, उसवलेली सीट. सिरोंच्याचं सांगितलं नाही.

"मंग थांबव ना ते ब्लेड. तुझ्या मालकाले सांग."

"त्यांनी जबान दिली आहे."

"त्यानं देली. तू देली का?"

हे बाहेर शेजारच्या टायरवाल्याशी बोलत होते. मी पडद्यापर्यंत गेले. पडद्याच्या पलीकडं टायरवाला होता. मी दोनदा मागं फिरले. मंदाबाई मागून म्हणाल्या, "जा ना बाई. एवढं घाबरते का? समोर तं दोनच माणसं हायेत."

मी पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "ऐकता का? शेठले फोन करा."

हे बघतच राहिले. परक्या माणसासमोर मी बाहेर आले होते.

"म्हणा, ही गाडी उंच होत नाई."

"काऊन नाई होत? पाय वेल्ड केले का झालं."

"छत तर तेवढंच आहे. सीट वर गेली का शेठचं डोकं छताला लागन. ड्रायव्हर तर मान वाकडी करूनच बसन."

हे उठले, टेप घेतला, गाडीत गेले. गाडीतून टेपचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा हसत होते. "मले हे काल काऊन नाई सुचलं? आणि तुले सुचलं होतं तं बोलली काऊन नाई?"

मला कालच सुचलं होतं. पडद्याच्या मागं.

यांनी तिथंच उभं राहून शेठना फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं. फोनमधून शेठचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. "मंग पहिलेच सांगाचं ना भाऊ! ठेवा तुमची शाळेची गाडी. मी दुसरी पाहातो." यांनी फोन ठेवला आणि मोकळा श्वास सोडला. शब्द त्यांचा त्यांना परत मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई त्यांच्या मंडळातल्या तीन बायांना घेऊन आल्या. त्या धडाधड चढल्या, या सीटवरून त्या सीटवर बसल्या. पडदे उघडून पाहिले, लावून पाहिले. एक लहानखुरी नटी ओरडली, "अवो मावशी, माझे पाय खाली टेकले! नाटकात आली तवापासून पहिल्यांदा जमिनीवर हाय मी!"

"नाटकात आली तं डोकंही जाग्यावर ठेव," मंदाबाई म्हणाल्या.

व्यवहार ठरला, यांनी पुन्हा जबान दिली. तेव्हा मंदाबाईंनी एक अट घातली. "ट्रायलले भाभी बसन. शिवणारीन बाई बसल्याशिवाय मी गाडी नेत नाई."

आमच्याकडं ट्रायलला मालक आणि गिऱ्हाईक जातात. शिवणारी मागच्या खोलीत राहते. हे माझ्याकडं पाहून म्हणाले, "जा, बस."

मी माझ्या सीटवर बसले. मंदाबाई शेजारी. पुढच्या व्याहाड गावापर्यंत मी कुठं खडखड होते तेच ऐकत होते. गाडी खड्ड्यात जायची आणि कमरेला कळायचंही नाही. दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलं होतं. उलटी नाही, चक्कर नाही. मागच्या एका सीटची पाठ झुकवायची दांडी वाजत होती, तेवढं मी लक्षात ठेवलं. तिथं रबर लावायचं.

वैनगंगेच्या पुलावर यांनी गाडी हळू केली. नदी भरून वाहत होती. पुलाच्या पलीकडं गडचिरोली, मग चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. रस्ता तोच होता, फक्त पुढं पुढं जात राहायचं.

मी मंदाबाईंना विचारलं, "तुमचं नाटक सिरोंच्याला जातं का?"

"नाई वो. तिकडं तेलगू बोलते लोक. आमचं रडणं त्याईले समजन, पण हसणं कोण समजन? आमची गाडी तेवढ्या दूर जातच नाई." मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "काऊन? कोण हाय तिथी?"

"बहीण," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच ठेवला. समोरच्या आरशातून यांनी एकदा पाहिलं. पूल संपला, थोडं पुढं मोकळी जागा होती. तिथून गाडी वळवली. वळताना दांडी पुन्हा वाजली.

आपाला मी त्याच दिवशी सांगितलं. "बिक गई?" ती म्हणाली. "अच्छा हुआ. तुम्हारा काम हो गया." मग म्हणाली, "कमरा तो खाली है. रहने देती वैसाच."

मागची उसवलेली सीट मी पुन्हा शिवली. तिचा थोडा फोम आणि कच्च्या चिंचेच्या रंगाचं कापड उरलं. त्याची मी आपासाठी खुर्चीची गादी केली, बैठक आणि पाठ दोन्ही. आपाचं माप मला पाठ होतं. लहानपणी मी तिच्या पायाशी बसायचे तेव्हा माझं डोकं तिच्या गुडघ्याला लागायचं. ती उंच होती, आमच्या घरात सगळ्यात उंच. तिच्या खुर्चीची उंची तिनं फोनवर सांगितली. बाकी मी मनानं धरलं आणि गादी चांगली जाड केली. यांनी गडचिरोलीला नेऊन सिरोंच्याच्या बसमधे ड्रायव्हरकडं दिली. संध्याकाळी आपाच्या नातवानं ती उतरवून घेतली.

मी फोनची वाट पाहत होते.

"गादी बहोत अच्छी है," आपा म्हणाली. "रंग भी अच्छा है. पर छोटी, पाँव जमीन को नहीं लगते मेरे."

मी म्हटलं, असं कसं होईल? तुझंच माप आहे. ती हसली. "मैं अब उतनी कहाँ रही?"

सीझनमधे मंदाबाईंची गाडी आमच्या रोडवरून जाते. सकाळी गेली तर ड्रायव्हर हॉर्न देत नाही. खिडक्यांचे पडदे लावलेले असतात. म्हणजे आत बाया झोपल्या आहेत. अजून दोन नाटक मंडळांच्या गाड्या आमच्याकडं आल्या. आता त्यांच्या बायांना मी मागच्या खोलीत डब्यावर बसवून एकेकीचं माप घेते.

आपाची गादी तिच्या खुर्चीवर तशीच आहे. पायाखाली ती पाट घेऊन बसते. किती कमी करायची ते मी तिला फोनवर तीनदा विचारलं. एकदा ती चार बोटं म्हणाली, एकदा सहा, आणि एकदा म्हणाली, राहू दे.

सासरे सांगायचे तेच खरं. माप बसणाऱ्याला समोर बसवून घ्यायचं. आठवणीतून घेतलं तर चुकतं, फोनवर घेताच येत नाही. त्यासाठी जावं लागतं.